टाचण्या तोंडात असताना फॉर्म भरू नये

मुलीला उन्हाळी शिबिराला पाठवायचं तर आईबापांनी काय काय बघावं, असं मला हल्ली बऱ्याच बायका विचारतात. टोपी द्या, जादा मोजे द्या, साबण डबीत घालून द्या, हे शिबिरवालेच सांगतात. ते सांगत नाहीत ते मी सांगते. फॉर्म भरायला बसाल तेव्हा घरातल्या टाचण्या कुठे आहेत ते आधी बघा.

आमचं घर शिंप्याचं. खाली दुकान, वर आम्ही. मुलगा कापतो, सून काजं करते, मी बटणं लावते आणि तोंड चालवते. नात नऊ वर्षांची, इतकी किडकिडीत की उन्हात उभी राहिली तर सावली पडू का नको असा विचार करते. आणि येता-जाता टोचते. म्हणून तिचं नाव पडलं टाचणी.

आमच्या दुकानाचा एक कायदा आहे. मुलगा कापड लावत असला की त्याच्या तोंडात टाचण्या असतात, एका वेळी चौदा. तेव्हा त्याला बोलता येत नाही. काही विचारलं तर तो म्हणतो, "हं." हं म्हणजे हो. नाही म्हणायचं तर मान हलवावी लागते, आणि मान हलली की खडूची रेघ वाकडी जाते. म्हणून कामाच्या वेळेत आमच्या घरात नकार नसतोच. सुनेनं नवं काजाचं मशीन असंच मिळवलं. मी माझा चष्मा असाच मिळवला. टाचणीनं एकदा मांजर असंच मिळवलं होतं, पण मांजर कापडावर झोपायला लागलं आणि मग पिठाच्या गिरणीवाल्याकडे गेलं. तिथे ते पांढरं झालं.

तर शिबिराचं. शिबिराच्या कागदावर एक चित्र होतं. तळं, तळ्याच्या मध्यावर लाकडी तराफा, तराफ्यावर खांब आणि खांबाला पितळी घंटा. जी मुलगी पोहत तराफ्यापर्यंत जाईल तिनं घंटा वाजवायची. टाचणीनं ते चित्र कापून मशीनच्या वर डकवलं आणि तिथून पुढे वर्षभर घरात दुसरा विषय नाही. दर रविवारी आईबरोबर पोहायच्या तलावावर जायची. बाकीचे दिवस कापायच्या टेबलावर पालथी पडून हातपाय मारायची. दोनदा टेबलावरचं अस्तर तिच्याबरोबर पोहत खाली गेलं.

यात माझाही हात होता, ते कबूल करते. पोहण्याचं वेड तिला लागलं माझ्यामुळे. मी तिला सांगितलं होतं की तरुणपणी मी डोक्यावर शिलाईचं मशीन घेऊन नदी पोहून गेले होते. पायमशीन, ओतीव लोखंडाच्या पायांसकट. वाटेत एका माशाचा कल्ला फाटला होता, तोही शिवून दिला.

फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस आला तेव्हा दुकानात बँडवाल्यांचे बावीस कोट पडलेले. सून काजाच्या मशीनवर, तिला ढग फुटला तरी ऐकू आलं नसतं. मुलाच्या तोंडात चौदा टाचण्या. फॉर्म चार पानांचा, बेचाळीस प्रश्नांचा.

"मी भरू का रे?" मी विचारलं.

"हं," मुलगा म्हणाला.

मी चष्मा लावला. "मुलगी झोपेत चालते का?"

"हं."

आता आमची टाचणी झोपली की कूससुद्धा बदलत नाही. पण बापच हो म्हणतो म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारी? खाली लिहिलं होतं, 'असल्यास तपशील द्या.' मी दिला. 'चालते, पण फार लांब जात नाही. एकदा पोस्टापर्यंत गेली होती, तिकिटं घेऊन परत आली.'

"कशाची ॲलर्जी आहे?"

"हं."

"अरे कशाची?"

"हं, हं."

मी लिहिलं, 'सोमवारची.'

"पाण्यात उतरताना काही अडचण?"

"हं."

इथे खरं म्हणजे मी पेन खाली ठेवायला हवं होतं. पण तपशिलाला पाच ओळी मोकळ्या होत्या. मोकळ्या ओळी बघितल्या की मला बटण नसलेला शर्ट बघितल्यासारखं होतं. मी लिहिलं, 'आमच्या घरातल्या बायकांची हाडं जड असतात. पाण्यात गेल्या की थेट तळाला बसतात. माझी थोरली बहीण तलावात पडली होती, ती तळावरून चालत पलीकडे निघाली आणि वर येऊन विचारते, जेवणं झाली का?'

शेवटी एक प्रश्न होता, 'मुलीबद्दल आम्हाला माहीत असावं असं आणखी काही?' त्याला आठ ओळी होत्या. त्या पुरल्या नाहीत. मी मापाच्या खाकी कागदाचा तुकडा जोडला.

मग फॉर्म मुलाच्या हाताखाली सरकवला. कामाच्या वेळी त्याच्या हाताखाली जे येईल त्यावर तो सही करतो. एकदा त्यानं एका गिऱ्हाइकाच्या पाठीवर केली होती.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला अक्कल नाही. अहो, मी आयुष्यभर फॉर्म भरत आले. रेशनचे, दवाखान्याचे, शाळेचे. वाचणारा माणूस एकही बघितला नव्हता. मला काय माहीत, तो एकटा माणूस नेमका शिबिरात बसलाय.

रविवारी टाचणी गेली. पुढच्या शुक्रवारी तिचं पोस्टकार्ड आलं. मी ते दुकानात मोठ्यानं वाचलं.

'प्रिय सगळ्यांना. मला पाण्यात जाऊ देत नाहीत. आमच्या मोठ्या बाईंना सगळ्या शिट्टीबाई म्हणतात. त्या म्हणतात, घरून लिहून आलंय. माझ्या खाटेभोवती रिकामे डबे मांडतात. मी चालले तर आवाज यावा म्हणून. मी चालत नाही पण बाकीच्या मुली अडखळतात. सोमवारी मला दिवसभर पांघरुणात ठेवलं. बाबा, तुम्ही असं काय लिहिलं? शनिवारी सकाळी घंटेची परीक्षा आहे. सगळ्या पोहत जाणार आणि मी काठावर बसून त्यांचे टॉवेल सांभाळणार.'

खाली पाण्याचा एक थेंब पडून शाई पसरली होती. तळ्याचा नव्हता, तिला तळ्याजवळ जाऊच देत नव्हते.

सुनेनं मशीन थांबवलं. मुलानं तोंडातली एक टाचणी काढली आणि टाचण्यांच्या उशीत टोचली. मग दुसरी. मग तिसरी. चौदाच्या चौदा. इतक्या वर्षांत त्यानं दिवसाउजेडी सगळ्या टाचण्या काढलेल्या मी एकदाच बघितल्या होत्या, त्याच्या लग्नात.

"आई," तो म्हणाला, "तू काय लिहिलंस?"

"तू हो म्हणालास तेच."

"मी हो म्हणालो?"

"बेचाळीस वेळा."

सून म्हणाली, "आई, तुम्ही हाडांचं लिहिलंत का? मला ते जड हाडांचं लग्नाआधी सांगितलं होतंत, तेच?"

"थोडं वाढवून लिहिलं."

सुनेनं शिबिराला फोन लावला. संध्याकाळपर्यंत लावत होती. कुणी उचलला नाही. सगळे पाण्यात असणार, आमची सोडून. आणि बँडवाले शनिवारी सकाळी कोट न्यायला येणार होते, अजून सहा कोटांना बाह्या नव्हत्या.

"आई, तूच जा," मुलगा म्हणाला. "उद्या पहिल्या बसनं. आणि तिथे जाऊन खरं सांग."

"खरं म्हणजे किती?"

"सगळं."

हे मला जड जाणार होतं. पण पोस्टकार्डावरचा तो डाग सारखा डोळ्यांपुढे येत होता. पोरीनं वर्षभर टेबलावर पालथं पडून ज्याच्यासाठी पोट सोलवटून घेतलं ते माझ्या पाच ओळींनी बुडवलं होतं.

शनिवारी मी माझा भोपळी झगा घातला. त्याबद्दल सांगायला हवं. एका शाळेनं आमच्याकडे साठ रेनकोट सांगितले आणि चाळीसच नेले. उरलेलं कापड भोपळ्याच्या रंगाचं, मेणकापडासारखं, आतून एक थेंब बाहेर नाही, बाहेरून एक थेंब आत नाही. फुकट घालवायचं तर मुलाच्या जिवावर येतं. म्हणून त्यानं मला त्याचा झगा शिवला, टाचांपर्यंत लांब, सात हात घेराचा, दुहेरी शिलाईचा. चालले की पुड्या फोडल्यासारखा आवाज होतो. त्या झग्यात मला आजवर एकदाही चोरून काही खाता आलेलं नाही.

दोन तास बस, मग अर्धा तास चाल. शिबिर म्हणजे सहा लांबट खोल्या, एक स्वयंपाकघर आणि समोर तळं. चित्रात होता तसाच तराफा, तशीच घंटा. काठावर मुली रांगेत उभ्या, अंगाला टॉवेल गुंडाळून. आणि ऑफिसच्या दारात शिट्टीबाई. उंच, ताठ, गळ्यात शिट्टी, काखेत फाईल. फाईलवर टाचणीचं नाव होतं आणि ती बाकीच्यांच्या फायलींपेक्षा चौपट जाड होती.

"बाई," मी म्हटलं, "मी टाचणीची आजी. तो फॉर्म मी भरला आणि त्यातलं सगळं खोटं आहे."

शिट्टीबाईंनी मला बसायला खुर्ची दिली आणि फाईल उघडली. "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिता."

"लिहिते."

"आणि आत्ता जे बोलताय ते?"

"ते खरं."

"ते मी कशावरून समजू?"

सत्तर वर्षांत मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. खरं बोलायची सवय नसली की ते बोलताना आपलं आपल्यालाच पटत नाही.

"आजी, मी वाईट बाई नाही," शिट्टीबाई म्हणाल्या. "माझ्याकडे छत्तीस मुली आहेत. घरून जे काही लिहून येतं ते मी पाळते. गेल्या वर्षी एकीच्या फॉर्मवर लिहून आलं होतं की ती फक्त चौकोनी गोष्टी खाते. मी दहा दिवस चौकोनी वाढलं. सही तुमच्या मुलाची आहे ना? त्यांनाच विचारते."

त्यांनी दुकानात फोन लावला. मी मनात म्हटलं, देवा, बाह्या झालेल्या असू देत.

"तुमच्या आई म्हणतात फॉर्ममधला मजकूर खोटा आहे," शिट्टीबाई फोनवर म्हणाल्या. "बरोबर आहे का?"

"हं," फोनमधून आवाज आला.

मला हायसं वाटलं. पण ही बाई पक्की. दोन्ही बाजूंनी तपासणारी.

"म्हणजे त्यात खरं काहीच नाही? का थोडंफार खरं आहे?"

"हं."

"मग मुलीला पाण्यात धोका आहे?"

"हं."

"पाण्यात सोडू?"

"हं."

शिट्टीबाईंनी फोन ठेवला. "तुमचे चिरंजीव दोन्हीकडून बोलतात."

"नाही हो बाई, तो बोलतच नाही. त्याच्या तोंडात टाचण्या आहेत."

शिट्टीबाईंनी पेन काढलं आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं. 'वडील टाचण्या खातात.'

एवढ्यात दारात टाचणी आली. खांद्यावर अकरा टॉवेल, मागे दोन मैत्रिणी, एकीचे पुढचे दात पडलेले. मला बघून ती धावली नाही. तिथेच उभी राहिली.

"आजी, बाबांनी नाही लिहिलं ना? तू लिहिलंस."

"मी लिहिलं."

"आमच्या घरातल्या बायकांची हाडं जड असतात?"

"तसं मी लिहिलं."

"मग तू मशीन घेऊन नदी कशी पोहून गेलीस?"

दात पडलेली म्हणाली, "पायमशीन. लोखंडाच्या पायांसकट." म्हणजे गोष्ट सगळ्या शिबिरात झालेली होती.

शिट्टीबाई माझ्याकडे बघत होत्या. दोन्ही मैत्रिणी माझ्याकडे बघत होत्या. आता बघा, माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक थाप मारून निभावलं असतं. माझ्याकडे एक तयारही होती, हाडं वयाप्रमाणे जड होतात अशी. पण ती मारली असती तर पोरगी काठावरच राहिली असती.

"मी नदी पोहून गेले नाही," मी म्हटलं. "मला पोहता येत नाही. पाण्याची मला इतकी भीती वाटते की मी बादलीतसुद्धा लांबून तांब्या बुडवते."

मला वाटलं, संपलं. आता ही पोर माझ्या कुठल्याच गोष्टीला परत कान देणार नाही.

टाचणी म्हणाली, "ते मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पाच वर्षांची होते तेव्हापासून. आईनं सांगितलं."

"मग ऐकायचीस कशाला?"

"मशीन दर वेळी मोठं व्हायचं ना. आधी ते हातमशीन होतं. मला बघायचं होतं कुठपर्यंत जातं."

शिट्टीबाईंनी फाईल मिटली. "आजी, एक करते. तुमच्या घरातल्या एका जरी बाईला मी माझ्या डोळ्यांनी तरंगताना बघितलं, तर फॉर्मवर शेरा मारीन आणि हिला सोडीन. नियमात बसतं."

"मग हिलाच बघा की."

"हिला पाण्यात उतरवता येत नाही, लिहून आलंय. तुमच्याबद्दल काही लिहून आलेलं नाही."

आता मला सांगा, मी काय करणार होते? आपणच शिवलेला खिसा, आपलाच हात अडकला.

आम्ही सगळ्या काठावर गेलो. गुडघाभर पाण्यात जाऊन दोन क्षण पाय उचलायचे, असं ठरलं. शिट्टीबाई माझ्या शेजारी, फाईल काखेत. टाचणीनं माझा हात धरला.

"आजी, घाबरू नकोस. खुर्चीत बसल्यासारखी मागे बस. पाणी धरतं."

"पाणी धरतं म्हणजे सोडत नाही का?"

"आजी."

मी पाण्यात पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं शेवाळावर पडलं. मी मागे बसले, खुर्चीत बसल्यासारखी म्हणा हवं तर, आणि सात हात घेराचा झगा पाण्यावर सपाट पसरला. त्याच्याखाली अडकली हवा. दुहेरी शिलाई, मेणकापडी कापड, हवा जाणार कुठून? झगा फुगला. फुगून माझ्या काखेपर्यंत आला. मी बुडाले नाही हो. मी त्या झग्याच्या मधोमध बसले होते, गादीवर बसावं तशी, आणि काठ माझ्यापासून लांब जात होता.

वारा होता. झगा शिडासारखा धरला त्यानं.

"तरंगल्या," शिट्टीबाई म्हणाल्या आणि फाईल उघडून वेळ लिहायला लागल्या. लिहून वर बघतात तर मी वीस हात पुढे. त्यांनी शिट्टी वाजवली. माणूस शिट्टीनं थांबतो, झगा थांबत नाही. मग त्या काठाला बांधलेल्या होडीत चढल्या. पण फाईल काही सोडेनात, त्यामुळे एकाच हातानं वल्हं मारलं आणि होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली.

मी ओरडले नाही. ओरडायला तोंड उघडलं असतं तर आतली हवा गेली असती अशी माझी समजूत होती.

तेवढ्यात काठावर धप्प आवाज झाला. अकरा टॉवेल जमिनीवर आणि टाचणी पाण्यात. मी मान वळवून बघितलं. कापायच्या टेबलावर बघितलं होतं तसंच, हात, हात, श्वास. हात, हात, श्वास. फक्त आता खालून अस्तर सरकत नव्हतं. कात्री कापडातून जावी तशी पोरगी पाण्यातून येत होती. काठावर छत्तीसातल्या पस्तीस मुली तिच्या नावानं ओरडत होत्या.

ती माझ्या बाजूला पोचली. "आजी, पाय हलवू नकोस. हवा निघेल."

"मी कुठे हलवतेय? ते आपोआप थरथरतायत."

"थरथरू देऊ नकोस."

ती बाजूनं पोहत राहिली, वाऱ्याचा नेम धरून मला अधूनमधून ढकलत. झगा तराफ्याला येऊन टेकला. ती आधी वर चढली, मग पालथी पडून तिनं माझ्या झग्याची कड धरली आणि ओढायला लागली. मी खालून, ती वरून. सगळं माझं वजन त्या एका शिलाईवर. टाका उसवला नाही. मुलाचं काम असं आहे, हे मी आई म्हणून सांगत नाही, गिऱ्हाईक म्हणून सांगते.

तराफ्यावर आम्ही दोघी बसलो. माझ्या अंगावरून पाणी गळत नव्हतं, झग्याच्या आत मी कोरडी होते. तिच्या अंगावरून गळत होतं. घंटा आमच्या डोक्यावर.

मी हात वर केला. इतक्या लांब आले होते, म्हटलं वाजवावी.

टाचणीनं माझा हात खाली घेतला. "तू नाही. तू पोहून आली नाहीस. तू वाऱ्यानं आलीस."

"कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," ती म्हणाली आणि उठली. चवड्यावर उभी राहून तिनं दोरी धरली आणि घंटा वाजवली. एकदा नाही, बेचाळीस वेळा. मी मोजल्या. का तेवढ्या, ते तिनं सांगितलं नाही.

शिट्टीबाईंची होडी शेवटी पोचली तेव्हा त्यांनी तराफ्यावरच फाईल मांडीवर घेतली आणि पाण्याच्या प्रश्नापुढे शेरा लिहिला, 'दोघी तरंगतात. धाकटी पोहते.' खाली सही, तारीख, वेळ. मग पेनाला टोपण लावलं आणि हळूच मला म्हणाल्या, "आजी, ती तळावरून चालत गेलेली बहीण. ती खरंच जेवणाचं विचारत वर आली?"

मी टाचणीकडे बघितलं. टाचणीनं मान हलवली.

"नाही बाई," मी म्हटलं. "मला बहीणच नाही."

त्या थोड्या हिरमुसल्या. मला फार वाईट वाटलं.

यंदाचा फॉर्म मुलानं स्वतः भरला, चौदा टाचण्या उशीत टोचून, दार लावून. शेवटच्या आठ ओळींत त्यानं एवढंच लिहिलं, 'पोहते.' बाकी साडेसात ओळी तशाच मोकळ्या. मला त्या रात्रभर दिसत राहिल्या.

मी हे सगळं सांगते तेव्हा बायका हसतात आणि म्हणतात, आजी, काहीतरीच. झग्यावर बसून कुणी तळं पार करतं का? मग मी म्हणते, माझ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्या नातीला विचारा. ती तिथेच दुकानात असते, सुट्टीत तुरपाई शिकते बापाकडे. बायका वळून तिला विचारतात, काय ग, तुझी आजी सांगते ते खरं का?

टाचणी खाली कापडावर बघत असते. तोंडात पाच टाचण्या, अजून चौदा मावत नाहीत.

"हं," ती म्हणते.